डोंगरावरची शर्यत आणि दारातली गाडी

टूरिंग कार म्हणजे चार-पाच माणसांनी सामानासकट बसून प्रवासाला निघावे अशी छप्परबंद, घरगुती वापराची मोटार. मोटार शर्यतींच्या जगात अशा गाड्यांचे स्थान बहुतेक ठिकाणी दुय्यम असते. खरा मान उघड्या चाकांच्या, एकाच आसनाच्या फॉर्म्युला गाड्यांना मिळतो. ऑस्ट्रेलियात मात्र उलटे घडले. जॅक ब्रॅबम आणि अ‍ॅलन जोन्स यांच्यासारखे फॉर्म्युला वनचे जगज्जेते त्या देशाने दिले, पण लोकांनी डोक्यावर घेतला तो पीटर ब्रॉक, आणि त्याची बहुतेक कीर्ती एकाच डोंगरावर, एका मोठ्या सेडान गाडीच्या चाकामागे मिळवलेली होती. रस्त्यावर धावणारी गाडी आणि शर्यतीत धावणारी गाडी यांच्यात किती अंतर असावे, हा या शर्यतींच्या साठ वर्षांच्या इतिहासातला मुख्य वाद आहे. हे अंतर जवळजवळ शून्य होते तेव्हा या खेळाला खरी लोकप्रियता मिळाली. पुढे ते वाढत गेले आणि ती मिळकत पुरवून पुरवून वापरावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला स्वतःची मोटार हवी होती. जनरल मोटर्सच्या होल्डन कंपनीने ती तयार केली आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. फोर्डचा कारखाना जिलाँगला १९२५ पासूनच होता. त्या कंपनीने १९६० मध्ये फाल्कन बाजारात आणली आणि सामना जुळला. हजारो कुटुंबांचे पोट या दोन कंपन्यांच्या कारखान्यांवर चालत होते. देश खंडाएवढा, अंतरे प्रचंड आणि रस्ते खडबडीत असल्यामुळे दणकट बांध्याची, मोठ्या इंजिनाची गाडी ही तिथे चैन नव्हती, गरज होती. होल्डन की फोर्ड, हा प्रश्न घराण्याच्या परंपरेसारखा बापाकडून मुलाकडे जाऊ लागला.

ऑस्ट्रेलियन टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धाही १९६० मध्येच सुरू झाली. पहिली लढत न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज गावाजवळच्या नू ब्लास मार्गावर झाली आणि डेव्हिड मॅके जॅग्वार घेऊन जिंकला. पुढची काही वर्षे अजिंक्यपद एकाच शर्यतीत ठरत असे. १९६९ पासून वर्षभराची मालिका सुरू झाली. पण लोकांच्या मनाची पकड घेतली ती निराळ्याच शर्यतीने. १९६० च्याच २० नोव्हेंबरला व्हिक्टोरियातील फिलिप बेटावर आर्मस्ट्राँग ५०० ही पाचशे मैलांची शर्यत झाली. प्रायोजक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणारी कंपनी होती. दुकानात मिळते तशी गाडी दिवसभर पिटाळली तर तिचे काय होते, हे पाहणे एवढाच सरळ हेतू होता. जॉन रॉक्सबर्ग आणि फ्रँक कोड यांनी व्हॉक्झॉल क्रेस्टा ही गाडी घेऊन पहिला मान मिळवला.

गाड्यांनी तग धरला, रस्त्याने धरला नाही. १९६२ च्या शर्यतीत फिलिप बेटावरचा डांबरी पृष्ठभाग इतका उखडला की तिथे पुन्हा शर्यत घेणे अशक्य झाले. १९६३ मध्ये शर्यत सिडनीच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या बॅथर्स्टला हलली. चिफ्ली याच गावचे, आणि राजकारणात येण्यापूर्वी रेल्वेचे इंजिन चालवणारे. होल्डनच्या पुढच्या दैवताचे देऊळही तिथेच उभे राहावे हा योगायोग इतिहासकाराला रचून सांगता आला नसता.

बॅथर्स्टचा माउंट पॅनोरमा मार्ग मंदीच्या काळातल्या रोजगार योजनेतून तयार झाला. महापौर मार्टिन ग्रिफिन यांनी पर्यटकांसाठी निसर्गरम्य रस्ता म्हणून त्यासाठी पैसे मिळवले. त्याला शर्यतीचा मार्ग करायचे त्यांच्या मनात आधीपासूनच होते. मार्च १९३८ मध्ये रस्ता खुला झाला आणि पुढच्याच महिन्यात, ईस्टरला, तिथे ऑस्ट्रेलियन ग्रां प्री झाली. एक फेरी ६.२१३ किलोमीटरची. तळ आणि माथा यांच्यात १७४ मीटरचा फरक. सर्वांत तीव्र चढ साधारण सहास एक. आजही शर्यत नसेल तेव्हा हा सार्वजनिक रस्ताच असतो. डोंगरावर राहणारी कुटुंबे त्यावरून ये-जा करतात आणि ताशी ६० किलोमीटरची मर्यादा मोडणाऱ्याला पोलीस थांबवतात.

हा मार्ग म्हणजे एक घाटच आहे. हेल कॉर्नर ओलांडले की चढ लागतो. ग्रिफिन बेंड आणि कटिंग पार केल्यावर रीड पार्क व मॅक्फिलामी पार्कच्या माथ्यावर गाडी येते. मग स्कायलाइनवरून जमीन एकदम पायाखालून निघून जाते. एसेस, डिपर आणि फॉरेस्ट्स एल्बो ही वळणे सिमेंटच्या भिंतींमधून उतरत जातात. तिथे चुकीला मोकळी जागा नाही. शेवटी येतो कॉनरॉड स्ट्रेट, सुमारे दोन किलोमीटरचा सरळ पट्टा. १९३९ मध्ये फ्रँक क्लाइनिगच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड इथे तुटला आणि पट्ट्याला ते नाव कायमचे चिकटले. चढावर इंजिनाची, उतारावर ब्रेकची आणि सरळ पट्ट्यावर एकूण बांधणीची परीक्षा होई. घरच्या गाडीची कसोटी घ्यायला याहून कठोर जागा सापडली नसती.

सुरुवातीच्या नियमांचे मर्म असे होते की गाडी ऑस्ट्रेलियात बनलेली किंवा जुळवलेली हवी आणि गट किमतीनुसार पाडलेले हवेत. एकूण विजेता कोण, यापेक्षा आपल्या खिशाला परवडणाऱ्या गटात कोण टिकले याकडे लोकांचे लक्ष असे. शर्यतीचे निकाल म्हणजे खरेदीचा सल्लाच होता. रविवारी जिंकावे आणि सोमवारी विकावे, हा हिशेब कंपन्यांना लगेच कळला. हॅरी फर्थ आणि बॉब जेन ही जोडी १९६१ पासून तीन वर्षे ओळीने जिंकली. त्यातले १९६३ चे यश फोर्ड कॉर्टिनाचे. १९६६ मध्ये मिनी कूपर एस गाड्यांनी पहिले नऊही क्रमांक घेतले. इटुकल्या गाड्यांनी अख्खा डोंगर बळकावल्याचे ते दृश्य पुढे कधी दिसले नाही, कारण दुसऱ्याच वर्षी फोर्डने व्ही८ इंजिनाची फाल्कन जीटी आणली आणि फर्थ व फ्रेड गिब्सन यांनी ती जिंकवली. होल्डनने १९६८ मध्ये मोनारोने उत्तर दिले. फोर्डने त्यावर फाल्कन जीटीएचओ काढली. शस्त्रस्पर्धा सुरू झाली होती.

या स्पर्धेत होल्डनची एक अडचण होती. जनरल मोटर्सचे जगभर धोरण असे की कंपनीने उघडपणे शर्यतीत उतरायचे नाही. तेव्हा १९६९ मध्ये विक्रेत्यांच्या नावाने 'होल्डन डीलर टीम' उभी राहिली, आणि तिचा सूत्रधार झाला तोच हॅरी फर्थ, ज्याला फोर्डने नुकतेच बाजूला केले होते. मेलबर्नमधल्या त्याच्या छोट्या गॅरेजातून कंपनीचे न सांगता येण्यासारखे काम चाले. त्याच वर्षी त्याने चोवीस वर्षांच्या एका पोरसवद्या चालकाला मोनारोत बसवले. तो पीटर ब्रॉक. पहिल्याच प्रयत्नात तो डेस वेस्टच्या साथीने तिसरा आला.

फोर्डकडे होता अ‍ॅलन मॉफट. जन्माने कॅनेडियन, अबोल, काटेकोर, लोकांच्या प्रेमाची फिकीर नसलेला. १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी तो बॅथर्स्टला एकट्याने गाडी चालवून जिंकला. दुसऱ्या खेपेस त्याच्या फाल्कनच्या पुढच्या जाळीवर बिअरचे रिकामे खोके येऊन अडकले आणि बराच वेळ तसेच राहिले. इंजिन तापेल म्हणून सगळे धास्तावले, पण मॉफट थांबला नाही. ती फाल्कन जीटीएचओ फेज थ्री होती, ५.८ लिटर व्ही८ इंजिनाची. सुमारे तीनशे गाड्या बनल्या आणि त्या कुणालाही शोरूममधून विकत घेता येत होत्या. पोस्टात किंवा बँकेत काम करणारा माणूस सोमवारी सकाळी तीच गाडी घेऊन कामावर जाऊ शकत होता, ही गोष्ट आज खरी वाटत नाही. २०१८ मध्ये अशीच एक फेज थ्री लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. तिचा एके काळचा मालक क्रिकेटमधला जेफ थॉमसन होता. त्या गोलंदाजाला शोभेल अशीच ती गाडी.

हे सारे किती धोक्याचे होते ते जून १९७२ मध्ये चव्हाट्यावर आले. सिडनीच्या 'सन-हेरल्ड' पत्रात पहिल्या पानावर इव्हान ग्रीन यांची बातमी आली की ताशी १६० मैल, म्हणजे सुमारे २५७ किलोमीटर, वेगाच्या गाड्या लवकरच सर्वसामान्यांच्या हाती येणार आहेत. न्यू साउथ वेल्सचे परिवहन मंत्री मिल्टन मॉरिस खवळले. सरकारी दडपण वाढले, आणि सरकार हे तर मोटारींचे मोठे गिऱ्हाईक. काही दिवसांतच फोर्डने फेज फोर, होल्डनने व्ही८ इंजिनाची टोराना आणि क्रायस्लरने व्ही८ चार्जर गुंडाळून ठेवली. हा प्रसंग ऑस्ट्रेलियात 'सुपरकार स्केअर' म्हणून ओळखला जातो. गंमत अशी की ग्रीन हे शर्यतींचे विरोधक नव्हते, स्वतः रॅलीत भाग घेणारे पत्रकार होते. पण त्यांच्या बातमीने एक नाते तोडले: शर्यत जिंकण्यासाठी जी गाडी लागते तीच दुकानात विकावी लागेल, हा नियम आता चालणार नव्हता.

त्या ऑक्टोबरमध्ये जुन्या पद्धतीची शेवटची शर्यत झाली. मार्ग ओला होता. ब्रॉककडे ३.३ लिटरची सहा सिलिंडरांची टोराना एक्सयू-१, मॉफटकडे अवजड फाल्कन. पावसात हलकी गाडी नाचवणे ब्रॉकला जमले आणि मॉफटला नियमभंगाचा दंडही भोगावा लागला. ब्रॉकचा हा पहिला विजय, तोही एकट्याने मिळवलेला. १९७३ पासून शर्यत हजार किलोमीटरची झाली, दोन चालक सक्तीचे झाले आणि गाड्यांमध्ये फेरफार करण्यास परवानगी मिळाली. बाहेरून घरातल्यासारखी आणि आतून शर्यतीची, असा नवा प्रकार सुरू झाला.

वास्तविक इथे लोकांचा रस ओसरायला हवा होता. तो वाढला, आणि याचे श्रेय बरेचसे दूरचित्रवाणीला जाते. सेव्हन वाहिनी अख्खी शर्यत सकाळपासून संध्याकाळपर्यंत थेट दाखवी. ऑक्टोबरमधला तो रविवार घरोघरी सणासारखा पाळला जाऊ लागला. १९७७ मध्ये मॉफट आणि बेल्जियमचा जॅकी इक्स यांची फाल्कन आणि त्यांच्याच संघाची दुसरी फाल्कन शेजारी शेजारी अंतिम रेषा ओलांडताना देशाने पाहिल्या. मॉफटच्या गाडीचे ब्रेक पार गेले होते. दुसऱ्या गाडीतला कॉलिन बाँड मनात आणता तर पुढे जाऊ शकला असता. १९७९ मध्ये सेव्हनने चालत्या गाडीतून थेट चित्र दाखवणारा रेसकॅम आणला. पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकातून प्रेक्षकांना पहिल्यांदाच चालकाच्या खांद्यावरून डोंगर दिसला, आणि विल्यमसन गाडी पळवता पळवता त्यांच्याशी गप्पा मारत होता. हे तंत्र पुढे अमेरिकेतल्या शर्यतींतही गेले. त्याच वर्षी ब्रॉक आणि न्यूझीलंडचा जिम रिचर्ड्स सहा फेऱ्यांच्या आघाडीने जिंकले. शर्यत खिशात असताना ब्रॉकने अगदी शेवटच्या फेरीत वेगाचा नवा विक्रम केला. गरज नव्हती, पण लोकांना तो आवडे तो अशाच गोष्टींसाठी.

ब्रॉकच्या गाडीवरचा ०५ हा आकडाही साधा नव्हता. रक्तातल्या मद्याच्या ०.०५ या कायदेशीर मर्यादेची आठवण देणाऱ्या रस्ता सुरक्षा मोहिमेतून तो आला होता. डोंगराच्या माथ्यावर तंबू ठोकून बिअरच्या पेट्या रिचवणाऱ्या गर्दीचा लाडका नायक हाच आकडा मिरवत होता, यातली विसंगती तिथे कुणाला खुपल्याचे दिसत नाही.

या काळाचा स्वभाव एकाच प्रसंगातून पाहायचा झाला तर तो १९८० चा. ब्रिस्बेनचा डिक जॉन्सन हा छोट्या कुवतीचा खाजगी स्पर्धक. जवळ होते नव्हते ते घालून त्याने निळी फाल्कन तयार केली होती. सुरुवातीलाच त्याने ब्रॉकला मागे टाकले. सतराव्या फेरीत कटिंगजवळ बंद पडलेली गाडी उचलणारा ट्रक एका बाजूला उभा होता आणि दुसऱ्या बाजूला, उतारावरून आलेला, फुटबॉलएवढा एक दगड रस्त्यात पडला होता. जॉन्सनला दगडावरून जाण्यावाचून वाट उरली नाही. टायर फुटले, गाडी भिंतीवर आदळली आणि शर्यत संपली. कॅमेऱ्यासमोर तो मोडून पडल्यासारखा बोलला. पुन्हा गाडी बांधायला पैसा नाही, हे त्याने लपवले नाही. सेव्हनचे फोन खणखणू लागले. लोक पाच-दहा डॉलरपासून मदत जाहीर करू लागले. एडसेल फोर्ड दुसरे तेव्हा फोर्ड ऑस्ट्रेलियात वरिष्ठ पदावर होते. जेवढे लोक देतील तेवढे कंपनी घालेल, असे त्यांनी सांगितले. त्या पैशातून जॉन्सनने १९८१ मध्ये नवी फाल्कन उभी केली, त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळवले आणि ऑक्टोबरमध्ये जॉन फ्रेंचच्या साथीने बॅथर्स्टही जिंकले. मैदानावरच्या कौशल्याइतकीच ती प्रेक्षकांच्या वर्गणीची जीत होती. फॉर्म्युला वनच्या चालकासाठी कुणी अशी वर्गणी काढली असती असे वाटत नाही. इथे पराभूत झालेला माणूस शेजारचा मेकॅनिक वाटला आणि मोडलेली गाडी दारातली.

१९८५ मध्ये आयोजकांनी ग्रुप ए हे आंतरराष्ट्रीय नियम स्वीकारले. जगाशी जोडून घेण्याची इच्छा रास्त होती, पण परिणाम विचित्र झाला. पहिल्याच वर्षी बॅथर्स्टला जॅग्वार जिंकली, नंतर युरोपातल्या फोर्ड सिएरा टर्बोचे राज्य आले. ब्रॉकच्या आयुष्याचे वळणही याच काळातले. तो होल्डनच्या गाड्या सुधारून स्वतःच्या नावाने विकत असे. त्यात त्याने 'एनर्जी पोलरायझर' नावाची, स्फटिक आणि चुंबकांची एक पेटी बसवायला सुरुवात केली. तिने गाडी सुरळीत चालते असा त्याचा दावा होता. अभियंत्यांना तो पटणे शक्य नव्हते. फेब्रुवारी १९८७ मध्ये होल्डनने त्याच्याशी संबंध तोडले. बहिष्कृत ब्रॉक त्याच ऑक्टोबरमध्ये बॅथर्स्टला तिसरा आला, आणि पुढे असलेल्या दोन्ही युरोपीय सिएरा गाड्या चाकांवरच्या पत्र्यातल्या नियमबाह्य फेरफारांमुळे बाद झाल्या. हा त्याचा नववा आणि शेवटचा बॅथर्स्ट विजय. 'डोंगराचा राजा' ही पदवी पक्की झाली.

मग आली निस्सान स्कायलाइन जीटी-आर. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या या जपानी टर्बो गाडीला एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकाने 'गॉडझिला' म्हटले आणि ते नाव जगभर झाले. १९९० ते १९९२ ही तिन्ही अजिंक्यपदे तिने घेतली. १९९२ च्या बॅथर्स्ट शर्यतीत न्यूझीलंडचा माजी जगज्जेता डेनी हल्म बीएमडब्ल्यू चालवत असताना हृदयविकाराने गेला. नंतर मुसळधार पाऊस कोसळला, गाड्या एकामागून एक घसरून आदळू लागल्या आणि शर्यत थांबवावी लागली. स्कायलाइन स्वतःही आदळली होती, पण नियमानुसार आधीच्या फेरीची स्थिती धरून रिचर्ड्स आणि मार्क स्केफ विजयी ठरले. गर्दीने हुर्यो उडवली. एरवी सौम्य असलेल्या रिचर्ड्सने व्यासपीठावरूनच प्रेक्षकांना शिवी हासडली. त्याला नुकतेच मित्राच्या मरणाचे कळले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. हुर्योमागे परकेपणाचा राग होता यात शंका नाही, पण त्यात वंशद्वेषापेक्षा आपल्या गल्लीतून आपणच हद्दपार झाल्याची भावना अधिक होती.

नवे नियम तेव्हा ठरलेलेच होते. १९९३ पासून मुख्य लढत पाच लिटर व्ही८ इंजिनाच्या होल्डन कमोडोर आणि फोर्ड फाल्कन यांच्यात आली. १९९७ मध्ये तिला व्ही८ सुपरकार्स हे नाव मिळाले. प्रक्षेपणाच्या भांडणातून त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बॅथर्स्टला हजार किलोमीटरच्या दोन-दोन शर्यती झाल्या. लोकांनी व्ही८ चा पक्ष घेतला आणि दुसरी फार काळ टिकली नाही. दोन कंपन्यांचे वैर आता नियमावलीनेच जपलेले होते. गाड्यांच्या क्षमता जवळपास सारख्या ठेवल्या जात, त्यामुळे चुरस शेवटच्या फेरीपर्यंत टिके. या व्यवस्थेत नाट्य कमी नव्हते. ८ सप्टेंबर २००६ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका रॅलीत झाडावर आदळून ब्रॉकचा मृत्यू झाला. महिन्याभराने त्याच्या नावाचा नवा करंडक बॅथर्स्टला पहिल्यांदा देण्यात आला. तो जिंकला त्याचाच शिष्य क्रेग लाउंड्सने, जेमी व्हिनकपच्या साथीने.

शोरूममध्ये मात्र वारे फिरले होते. आयात गाड्या स्वस्त झाल्या, ग्राहक उंच एसयूव्हीकडे वळले आणि मोठी सेडान मागे पडली. २०१३ मध्ये सर्व संघांना एकसारखा सांगाडा देणारे नवे नियम आले, निस्सान आणि मर्सिडीज मैदानात उतरल्या, पण पाया खचत होता. फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि होल्डनने २० ऑक्टोबर २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातले उत्पादन थांबवले. २०१८ ची कमोडोर जर्मनीहून येत होती. रस्त्यावरची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आणि व्ही८ इंजिन नसलेली, तर त्याच नावाची शर्यतीची गाडी मागच्या चाकांवर चालणारी आणि व्ही८ इंजिनाची. दोघींत साम्य उरले ते फक्त चेहऱ्याचे. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच बंद करत असल्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये शेन व्हॅन गिस्बर्गन आणि गार्थ टँडर यांनी कमोडोर घेऊन बॅथर्स्ट जिंकले. होल्डनचा हा तिथला शेवटचा विजय.

२०२३ पासून लढत फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कॅमारो यांच्यात सुरू झाली. यातली कॅमारो तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या शोरूममध्ये मिळतच नव्हती. त्या वर्षीचे बॅथर्स्ट आणि अजिंक्यपद दोन्ही तिनेच जिंकले, आणि मॅक्फिलामी पार्कवर होल्डनचे झेंडे घेऊन आलेले बहुतेक लोक तिच्या बाजूने ओरडत होते.